संध्याकाळ मोठ्यांची, कोट मुलाचा

"बोटीवरच्या सात रात्रींच्या सफरीत दोनच संध्याकाळी नीट तयार होऊन जेवायला जायचंय, भाऊजी," हौशी म्हणते. "पाच वर्षांच्या पोराला छोटा कोट, अकरा वर्षांच्या पोरीला पायघोळ फ्रॉक. यात कुठे काय बिघडलं? मुलांना नटवायला आपल्याला काही बोटवाल्यांनी शिकवलेलं नाही. वर्षाच्या बाळाला संक्रांतीत काळं झबलं घालून, हलव्याचा मुकुट आणि बाजूबंद चढवून पाटावर बसवतोच की आपण. मुंजीत मुंडावळ्या बांधतो. डिसेंबरात लोणावळ्यातल्या कुठल्याही रिसॉर्टच्या लॉनवरच्या लग्नात जाऊन बघा, चार-चार वर्षांचे नवरदेव हिंडत असतात. शेरवानी, मोजडी, कमरेला खोटी तलवार. तेव्हा कुणी काही विचारत नाही. बोटीवर कोट म्हटलं की मात्र बालपण हिरावल्याची ओरड!"

"बोरन्हाण तुम्हीच काढलंत ते बरं झालं, वहिनी," शंकेखोर म्हणतो. "त्या सोहळ्यात मूल मधोमध बसतं. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओतले जातात आणि आजूबाजूची पोरं ते वेचायला तुटून पडतात. अंगावरचा दागिना साखरेचा. तुटला तर तोंडात टाकायचा. सगळं अर्ध्या तासात आटोपतं आणि झबलं निघतं. तो वेश मुलाचा, कारण तो सोहळाच मुलाचा आहे. बोटीवरची ती संध्याकाळ कुणासाठी असते? पांढऱ्या कापडाच्या टेबलावर एकामागून एक पदार्थ येणार, मध्ये वीस-वीस मिनिटं नुसतं बसायचं, मोठी माणसं वाइनचे पेले फिरवणार. त्यात पाच वर्षांच्या मुलाचं काम काय? फोटोत दिसणं. आणि लॉनवरच्या नवरदेवांचं म्हणाल तर डिसेंबरातल्या रात्री लोणावळ्यात दात वाजत असतात. बिनबाह्यांच्या चोळीतल्या पोरींना आया स्वेटर घालतात आणि फोटोग्राफर आला की म्हणतात, दोन मिनिटं काढ गं. तेव्हाही मी विचारतोच. ऐकत कुणी नाही, एवढंच."

बोरन्हाणाचा दाखला आपल्याच अंगावर उलटला, हे हौशीच्या लक्षात आलं. पण ती लगेच माघार घेणारी नव्हे.

"मूल मधोमध असेल तेव्हाच त्याला नटवावं, हा तुमचा नियम मला मान्य नाही. मुलाने काठावर बसायलाही शिकायला हवं. आपल्या पंगती आठवा. पोरं मोठ्यांच्या ओळीत बसायची, जेवताना पाळीपाळीने श्लोक म्हणायची, सगळ्यांचं होईपर्यंत उठायची नाहीत. मुंज झालेला आठ-नऊ वर्षांचा मुलगा सोवळ्याचा रेशमी कद नेसून पानावर बसायचा. ते आपलं फॉर्मल डिनरच होतं. उलट साहेबाच्या जुन्या आगबोटींवर मुलांना आधीच, वेगळं जेवायला घालून आयांच्या हवाली करायचे आणि रात्रीच्या जेवणाच्या दालनात फक्त मोठी माणसं. तुम्हाला ती रीत हवी आहे का? आज मुलाला त्या टेबलाशी जागा मिळते आहे, तर त्या टेबलाला शोभेल असं त्याने दिसावं. आजही क्यूनार्ड कंपनीच्या बोटींवर संध्याकाळी सहानंतर नीटनेटका पोशाख लागतो, गाला इव्हनिंगला त्याहून जास्त. ज्यांना नको त्यांच्यासाठी बुफे उघडा असतो. जबरदस्ती कुणावरच नाही."

"जबरदस्ती तुमच्यावर नाही. पोराला बुफेला जायचं असेल तर तो एकटा जाणार आहे का?" शंकेखोर विचारतो. "आणि कदाचं सांगितलंत, तर तो कद कुठल्या घरांत होता आणि कुठल्या घरांना त्या पंगतीच्या आसपास फिरकू देत नव्हते, तेही सांगा. पंगतीचा असो की बोटीवरचा, ठरवून दिलेल्या पोशाखाचं अर्धं काम आतल्यांना शोभा देण्याचं, उरलेलं अर्धं बाहेरच्यांना बाहेर ठेवण्याचं. मुलाला त्यातलं पहिलं दिसतं, दुसरं दिसत नाही. म्हणून त्याची हौस निर्मळ आणि आपली नाही."

हे जरा टोकाचं झालं. आज त्या संध्याकाळी कोट नसलेल्याला कुणी धक्के मारून काढत नाही. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली 'फ्रीस्टाइल' नावाखाली ठरलेल्या वेळा आणि सक्तीचे पोशाख बाजूला सारले आणि पुढे इतर कंपन्याही पुष्कळ सैलावल्या. डिस्नेच्या बोटींवर उशिराच्या पंगतीतल्या मुलांचं खाणं आधी आटोपतं आणि त्यांना खेळायला नेणारी माणसं टेबलाशीच येतात. आईबाप सावकाश जेवतात. म्हणजे मुलाला दीड तास बसवून ठेवणं अवघड आहे, हे ज्यांचा धंदाच कुटुंबांना बोटीवर नेण्याचा आहे त्यांना कधीच कळलेलं आहे. पण शंकेखोराचा रोख कंपन्यांवर नव्हताच, तो एका बापावर होता.

"मुंबईहून निघालेल्या बोटीवर मुलांना काय घालावं, हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने फार गंभीरपणे घेतला होता," तो सांगतो. "१८९६ च्या अखेरीस मोहनदास गांधी कस्तुरबांना, दोन मुलांना आणि बहिणीच्या मुलाला घेऊन 'कोर्लंड' बोटीने दरबानला निघाले. भाचा दहा वर्षांचा. स्वतःची मुलं नऊ आणि पाच वर्षांची, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. सुधारलेलं दिसायचं तर युरोपियनांच्या जवळ जाणारा पोशाख हवा, असं तेव्हा त्यांचं मत होतं. हिंदुस्थानात पारशी सगळ्यांत सुधारलेले मानले जात, म्हणून कस्तुरबांना पारशी पद्धतीची साडी, मुलांना पारशी कोट आणि पाटलोण. बूट-मोज्यांतून कुणालाच सुटका नाही. बूट चावायचे, बोटं सोलवटायची, घामाने मोज्यांना वास मारायचा. वर काट्या-चमच्यांची शिकवणी. आणि तुमची फॉर्मल संध्याकाळही झाली. दरबानच्या बंदराबाहेर बोट क्वारंटाइनमध्ये अडकलेली असताना नाताळात कप्तानाने वरच्या वर्गाच्या प्रवाशांना मेजवानी दिली. त्या पाहुण्यांत हेच कुटुंब मुख्य. जेवणानंतर गांधी पाश्चात्त्य संस्कृतीवर बोलले, तिचा पाया बळावर आहे म्हणाले. शेजारी पाय आवळलेली तीन पोरं. पुढे त्यांनी ती सगळी मढवामढव टाकून दिली आणि हलकं वाटलं म्हणून लिहिलं. आत्मकथेत त्यांनी स्वतःला सोडलेलं नाही. माझा मुद्दा एवढाच की त्या पाच वर्षांच्या पोराला काय वाटलं, हे आपल्याला बापाच्या लेखणीतूनच कळतं."

हौशी थोडी थांबते. मग म्हणते :

"गोष्ट अर्धीच सांगितलीत, भाऊजी. १३ जानेवारी १८९७ ला ही मंडळी बोटीवरून उतरली. कस्तुरबा आणि मुलं गाडीतून पुढे गेली, गांधी मागून चालत निघाले आणि जमावाने त्यांना गाठून मारलं. पोलीस सुपरिंटेंडंटच्या बायकोने छत्री उघडून मध्ये उभं राहून वाचवलं. त्याच रात्री घराला वेढा पडला, तेव्हा ते निसटले कसे? हिंदी शिपायाचा गणवेश अंगावर चढवून आणि डोक्यावर थाळी ठेवून त्यावर मद्रासी फडकं गुंडाळून. कपड्याने माणूस वाचतो, असं सांगणारी याहून मोठी गोष्ट कुठली? धक्क्यावर कोण उभं आहे, ते आपल्याकडे कसं बघणार आहेत, याची काळजी त्या बापाला होती. मला ती काळजी खोटी वाटत नाही. परक्यांच्या बोटीवर, परक्यांच्या टेबलाशी माझी पोरं गबाळी दिसू नयेत, असं मलाही वाटतं. त्यांचं चुकलं ते बुटांत. घरी चार आठवडे सवय न लावता नवे बूट थेट बोटीवर घातले असावेत. मी पोराला आत्तापासून रोज तासभर घालून फिरवते आहे."

शंकेखोर हसतो. "तुमचं उत्तर चांभाराला पटेल. पण 'गबाळी दिसू नयेत' यात बघणारा कोण ते ठरलेलं आहे. माझी निम्मी नोकरी आयएनएस शिवाजीत गेली. लोणावळ्यात १९४५ पासून नौदलाचे अभियंते घडवणारी ती जागा. डोंगरावर असूनही तिथल्या मेसचे रिवाज बोटीचे. मेसच्या पोशाखांत एक आहे, रेड सी रिग. तांबड्या समुद्रातून जाताना उकाड्याने जीव नकोसा होई, तेव्हा साहेबांनी रात्रीच्या जेवणाचा कोट काढून टाकला. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, कमरेला पट्टा, बास. आणि त्याला नाव देऊन नियमच करून टाकला. म्हणजे बघा, मोठ्या माणसाला उकडलं की रिवाज बदलतो. पाच वर्षांच्या पोराला उकडलं आणि त्याने कोट काढला की तो हट्टी. माझा प्रश्न कोट घालावा की नाही, हा नाहीच. एकदा घातल्यावर तो कधी काढायचा, हे कोण ठरवणार?"

आता कुठे दोघं मुद्द्यावर आली.

"पण त्याच नौदलाने २०२४ मध्ये मेसमध्ये कुर्ता-पायजमा आणि वर बिनबाह्यांचं जाकीट चालेल असं केलं," हौशी म्हणते. "म्हणजे फॉर्मल याचा अर्थ कोटच, असं आता नौदलही म्हणत नाही. मग पोराला रेशमी कुर्ता घालते. सैल, गळ्याशी काही आवळत नाही, घाम आला तरी अंगाला चिकटत नाही, कारण आतून सुती अस्तर लावून घेणार आहे. पोरीला खणाचं परकर-पोलकं. नेटच्या फ्रॉकातला कॅनकॅन आतून टोचतो, तो त्रास नाही. अमेरिकेतली आपली माणसं बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला पोरींना शिवलेल्या नऊवाऱ्या नेसवतातच. आपलं लेणं मिरवायला बोट काय वाईट?"

"कुर्ता सुखाचा आहे, हे मान्य. पण प्रश्न तिथेच राहिला," शंकेखोर म्हणतो. "डोंबिवलीत १९९९ साली गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू झाली आणि आता गावोगाव पोरं फेटे बांधून उन्हात चालतात. त्यातल्या किती पोरांना फेटा हवा असतो? दहाव्या मिनिटाला तो कपाळावर घसरतो आणि आई चालता चालता मागून वर ढकलते. वर्षभर टी-शर्टात राहणाऱ्या पोराला फेटाही कोटाइतकाच उपरा. लोणावळ्यातल्या पोराचा खरा पारंपरिक पोशाख विचाराल तर रेनकोट आणि गमबूट. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात दुसरं काय असणार? आणि बोटीवर तुमची खणाची पोरगी बघून लोक जवळ येतील, किती गोड म्हणतील, फोटो मागतील. फ्रॉकात ती गर्दीत हरवली तरी असती. परकर-पोलक्यात ती प्रदर्शनात."

यावर हौशी चिडली, आणि तिचं चिडणं रास्त होतं. परक्यांसारखं दिसलं तर नक्कल, आपल्यासारखं दिसलं तर प्रदर्शन. मग पोरीने दिसायचं तरी कसं? या पेचातून शंकेखोराकडे वाट नव्हती. त्याने बोलणं शिताफीने कार्ल्याच्या डोंगराकडे वळवलं.

"समुद्रावरची माणसं मुलांना कशी नटवतात ते पाहायला आपल्याला बोटीवर जायला नको. कोळी कुटुंबं घाट चढून एकवीरेला येतात, पोरांचं जावळ काढतात, नवस फेडतात. बाया भरजरी लुगड्यांत, अंगावर सोनं, पुढे बँड. पोरंही नटलेली असतात. पण पायऱ्या चढताना कुणाची टोपी बापाच्या खिशात जाते, कुणाचे बूट आजीच्या पिशवीत. त्यावरून कुणी कुणाला रागावत नाही. देवीसमोर पोहोचेपर्यंत निम्मी पोरं अर्धीच नटलेली उरतात आणि तरी सोहळा पुरा होतो. तसं तुमच्या बोटीवर चालणार असेल तर माझं काही म्हणणं नाही."

"चालवून घ्यायचं मी ठरवलं तर चालेल," हौशी म्हणते. "पण तुम्ही मुलांना नुसतं सोसणारं करून टाकता, भाऊजी, ते मला खटकतं. त्यांनाही हौस असते. १८४६ च्या सप्टेंबरात व्हिक्टोरिया राणी आपल्या बोटीने फिरायला निघाली, तेव्हा तिच्या पाच वर्षांच्याही आतल्या मुलाला, पुढच्या सातव्या एडवर्डला, खलाशाचा पोशाख घातला. बोटीवर खलाशांचे कपडे शिवणाऱ्या शिंप्यानेच तो शिवला होता. पोरगा डेकवर आला तशी खलाशांची करमणूक झाली आणि राणी खूश. विंटरहाल्टरने त्याचं चित्र काढलं. पुढे तो पोशाख जगभर पोरांच्या अंगावर गेला. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओतल्या फोटोंतही पांढऱ्या पट्ट्यांच्या निळ्या कॉलरची पोरं दिसतात. नटलेल्या मुलाकडे बघून दोनशे माणसांचा चेहरा फुलतो, हे त्या मुलालाही कळतं. तो आनंद तुम्ही हिशेबातच धरत नाही."

"धरतो. पण राणीने पोराला काय घातलं ते पाहा," शंकेखोर म्हणतो. "ॲडमिरलचा कोट नाही, बोटीवर राबणाऱ्या माणसाचा पोशाख. सैल पाटलोण, उघडा गळा, दोरावर चढता येईल असा. तो जगभर पोरांच्या अंगावर टिकला तो राजपुत्रामुळे तसाच सुटसुटीतपणामुळेही. फिलिप आरिएस नावाच्या फ्रेंच इतिहासकाराने १९६० च्या आपल्या पुस्तकात मांडलं की जुन्या युरोपात मूल दुपट्यातून निघालं की त्याला मोठ्यांच्याच कपड्यांत घालत, मुलांचा म्हणून वेगळा पोशाख नंतर आला. त्याचं सगळंच सगळ्यांना पटलेलं नाही. पण मुलाच्या अंगाला मोठ्या माणसापेक्षा वेगळं काही लागतं, हे उमजायला वेळ लागला, एवढं तर दिसतं. आणि आपण दोन संध्याकाळींसाठी ते परत विसरायला निघालोय. त्यातून बोट लागली तर? आपल्या आजोबांच्या कोकणबोटीत निदान कोट वाचवायची काळजी नव्हती."

"ओकारीची पिशवी आणि जादा शर्ट मी घेतलाच आहे," हौशी तुटकपणे म्हणते. "आणि वेगळा पोशाख मुलाच्या पसंतीचा हवा असं म्हणाल, तर आमचं पोरगं स्पायडरमॅन होऊन जेवायला बसेल. डिस्नेच्या बोटींवर चाच्यांची रात्र असते, तिथे ते खपेल. सगळीकडे नाही. पाच वर्षांच्या मुलाला कुणी विचारून अंघोळ घालत नाही. आपणच ठरवतो आणि नंतर तो आपल्याला दोष देतो किंवा आभार मानतो. पाच ते दहा वर्षांचं मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. हा कोट पुढच्या दिवाळीला होणारही नाही. त्याची आठवण फोटोच ठेवणार, आणि ती आठवण असावी असं मला वाटतं."

"फोटो कुणाकडे राहणार ते मात्र आजच्या आज ठरवा," शंकेखोर म्हणतो. "अल्बममध्ये राहिला तर तो मोठेपणी हसेल. मोबाइलवरून चारशे जणांकडे गेला तर त्याच्या हसण्याची वाट कुणी बघणार नाही. आणि पाच वर्षांच्या मुलाबद्दल तुम्ही म्हणता तसं असेलही. अकरा वर्षांच्या मुलीला विचारलंत का?"

विचारलं होतं. ती पायघोळ फ्रॉकही नको म्हणाली आणि खणाचं परकर-पोलकंही. तिला काळी पँट आणि पांढरा शर्ट हवा आहे, भावाला शिवणार आहेत तसा. हौशीच्या मनात असं की मुलगी आत्ता नको म्हणते, पण तिथे सगळ्या पोरी झगमगीत आलेल्या बघून रडेल, आणि तेव्हा आठशे मैलांवर दुसरा फ्रॉक कुठून आणायचा? शंकेखोराचं म्हणणं, रडली तर रडू दे. ते रडणं तिचं स्वतःच्या निवडीचं असेल. यावर हौशीने जे विचारलं त्याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं : अकराव्या वर्षी निवड तिची असेल, तर तिच्या भावाची निवड नेमकी कितव्या वर्षी त्याची होते? आणि त्या दिवसापर्यंत कोट काढायची परवानगी जर आईच देणार, तर घालायची आईने दिली यात एवढं वावगं काय?

तो फक्त इतकंच म्हणाला, की घालताना आई शेजारी असते, काढावासा वाटतो तेव्हा ती समोरच्या माणसाशी बोलत असते.

शिंप्याकडे पोराच्या कोटाचं माप दिलेलं आहे. कोट शेवटी कोटच राहिला, रेशमी कुर्ता जादा म्हणून बॅगेत जाईल. बाह्यांच्या आणि पाठीच्या शिवणीत दीड इंच माया ठेवायला हौशीने सांगितलं आहे, म्हणजे उसवून वर्षभर तरी काढता येईल. बटणं दोनच, आणि ती पोराला स्वतःला काढता येतील एवढी मोठी. ही सूचना शंकेखोराची होती आणि हौशीने ती न बोलता मान्य केली. पोरीचं माप अजून दिलेलं नाही. शिंप्याने शुक्रवारपर्यंत थांबायचं कबूल केलं आहे.